यश, अर्थ आणि दिग्दर्शकाची प्रतिभा

१

आमच्या मंडळाच्या एका बैठकीत मध्यंतरी मराठी चित्रपटांवर चर्चा निघाली होती. एका दिग्दर्शकाविषयी कोणी काही उणे बोलताच एका सभासदांनी (ते शिक्षक आहेत व सहसा जपून बोलतात) एवढाच प्रश्न केला की, ज्याला सुवर्णकमळ मिळाले त्याच्या प्रतिभेविषयी शंका घेणारे आपण कोण? त्यावर दुसऱ्या सभासदांनी तितक्याच तत्परतेने सांगितले की, सुवर्णकमळ राहू द्या; ज्याचा चित्रपट पाहावयास लोकांची रीघ लागते तोच खरा दिग्दर्शक. दोघांचे शेवटपर्यंत जमले नाही. परंतु एका बाबतीत त्यांचे पूर्ण एकमत होते. चित्रपट स्वतः पाहून व त्याविषयी स्वतः विचार करून मत बनवावे लागते, ही गोष्ट दोघांनाही अनावश्यक वाटत होती. एकाने आपले मत परीक्षक मंडळाच्या स्वाधीन केले होते, दुसऱ्याने तिकिटाच्या खिडकीच्या.

हा वाद आमच्या बैठकीपुरता नाही. तथापि महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आपल्या मराठी समाजाला तो अधिक जवळचा आहे. पुण्या-मुंबईच्या रसिकाला चित्रपट आधी भेटतो व त्याची कीर्ती मागाहून येते. इंदूर, वडोदरा, हैदराबाद येथे बहुधा उलटे घडते. चित्रपटाला मिळालेल्या पारितोषिकाची आणि त्याने जमविलेल्या कोटींची वार्ता आधी येऊन पोहोचते. चित्रपट स्वतः एखाद्या रविवारच्या सकाळच्या खेळाला आला तर आला. कीर्ती आधी व वस्तू नंतर, हा क्रम एकदा अंगवळणी पडला म्हणजे कीर्तीलाच वस्तू समजण्याची सवय लागते. म्हणून पारितोषिक आणि गल्ला यांवरून दिग्दर्शकाची प्रतिभा सिद्ध होते काय, हा प्रश्न येथे जरा शिस्तीने तपासून पाहावा असे आम्ही योजिले आहे.

२

आपल्या साहित्यशास्त्राने या प्रश्नाची वाट फार पूर्वी आखून ठेविली आहे. अकराव्या शतकातील काश्मिरी पंडित मम्मट याने ‘काव्यप्रकाशा’च्या प्रारंभी काव्याची प्रयोजने सांगितली आणि काव्याचा हेतू, म्हणजे त्याचे कारण, स्वतंत्रपणे सांगितला. प्रयोजनांत त्याने यश व अर्थ यांना मोकळेपणाने स्थान दिले आहे. कवीला कीर्ती हवी असते, द्रव्य हवे असते, हे सांगताना त्याला संकोच वाटला नाही. परंतु काव्य ज्यातून जन्मते ते कारण सांगताना त्याने यशाचे नाव घेतले नाही, अर्थाचेही घेतले नाही. तेथे तो तीनच गोष्टी मोजतो : शक्ती म्हणजे जन्मजात प्रतिभा, लोक व शास्त्र यांच्या निरीक्षणाने येणारी निपुणता, आणि जाणत्याच्या हाताखाली केलेला अभ्यास. या तिन्ही मिळून एकच कारण होते, असे त्याचे म्हणणे आहे.

पारितोषिक म्हणजे यश आणि गल्ला म्हणजे अर्थ, असे मानले तर आमच्या दोन्ही सभासदांची चूक एकाच जातीची ठरते. फळाच्या जागी कारण पाहावे, तसे ते करीत आहेत. फळ दिसले म्हणून झाड आहे, एवढे म्हणता येईल; फळ बाजारात किती भावाने गेले यावरून झाडाची जात ठरविता येणार नाही.

मम्मटाने दिलेली उदाहरणे तर अधिकच बोलकी आहेत. यशासाठी त्याने कालिदासाचे नाव घेतले आणि द्रव्यासाठी, प्रचलित पाठानुसार, श्रीहर्षाकडून धन मिळविणाऱ्या धावकाचे. कालिदास आज आपल्या शाळांतून शिकविला जातो. धावकाला धन मिळाले एवढेच जगाला ठाऊक आहे. त्याने लिहिले काय, हे सांगणारा कोणी भेटत नाही.

३

प्रथम गल्ल्याचा विचार करू. प्रचंड तिकिटविक्रीवरून प्रतिभेची सिद्धी करणे हे न्यायशास्त्राच्या भाषेत अनुमान होय. डोंगरावर धूर दिसला, म्हणून तेथे अग्नी असला पाहिजे, हे त्याचे पाठातले उदाहरण. आमच्या दुसऱ्या सभासदांच्या मते गल्ला हा धूर व प्रतिभा हा अग्नी. पण नैयायिक येथे दोन इशारे देतात. पहिला असा की, जे दिसते ते धूरच आहे ना, याची खात्री करावी. दुरून धुके किंवा धुळीचा लोटही धुरासारखाच दिसतो. दुसरा असा की, अग्नी असला म्हणजे धूर निघतोच असे नाही. तापून लाल झालेल्या लोखंडी गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. धूर निघावयास ओले सरपण लागते, आणि ते सरपण बाहेरून येते.

पहिल्या इशाऱ्याचा विचार करताना गल्ला कसा मोजला जातो इकडे लक्ष द्यावे. पूर्वी चित्रपटाचे यश आठवड्यांत मोजीत. पंचवीस आठवड्यांचा रौप्यमहोत्सव, पन्नासांचा सुवर्णमहोत्सव. अनंत माने यांचा ‘सांगत्ये ऐका’ (१९५९) पुण्याच्या विजयानंद चित्रपटगृहात दोन वर्षांहून अधिक काळ चालला. दहाव्या आठवड्यात येणारा प्रेक्षक कोणाकडून तरी ऐकून आलेला असे, किंवा दुसऱ्यांदा आलेला असे. त्या मापात चित्रपटाविषयीचा काही तरी अभिप्राय मिसळलेला होता. आता यश कोटींत मोजतात, आणि तेही बहुतेक पहिल्या तीन दिवसांच्या कोटींत. शुक्रवारी सकाळी तिकीट काढणाऱ्याने चित्रपट पाहिलेलाच नसतो. त्याने अपेक्षेला दाम दिलेले असतात. त्या आकड्यावरून जाहिरातीची, नटाच्या लोकप्रियतेची, चित्रपटगृहांच्या संख्येची सिद्धी होईल. दिग्दर्शकाच्या प्रतिभेची कशी होणार? आणि ज्या गावी चित्रपट लागलाच नाही, तेथील रसिकाचे मत या मोजणीत मुळीच येत नाही. आपल्या वाचकांपैकी अनेकांचे मत अशा रीतीने वर्षानुवर्षे मोजावयाचे राहून गेले आहे.

ओल्या सरपणाचे उदाहरण म्हणून ‘माहेरची साडी’ (१९९१) घेता येईल. विजय कोंडके यांच्या या चित्रपटाने गावोगावच्या स्त्रियांना रडविले व विलक्षण यश मिळविले. समीक्षकांनी त्याची टिंगल केली, ती आम्हांस मान्य नाही. सासरी छळ सोसणाऱ्या मुलीचे दुःख ज्या समाजात घराघरांत मुकाट्याने गिळले जात होते, त्या समाजाला अंधारात बसून मोकळेपणी रडावयास एक जागा मिळाली, ही गोष्ट लहान नाही. परंतु ही कथा त्यापूर्वी ‘बाई चाली सासरिये’ (१९८८) या राजस्थानी चित्रपटात येऊन गेली होती, आणि तेथेही ती लोकप्रिय झाली होती. दोन प्रांतांत, दोन भाषांत, निरनिराळ्या हातांनी मांडलेली तीच कथा जर तसेच यश मिळविते, तर त्या यशाचा मोठा वाटा कथेकडे आणि तिने स्पर्श केलेल्या जखमेकडे जातो. समाजाचा इतिहास लिहिणाऱ्याने हा गल्ला अवश्य अभ्यासावा. दिग्दर्शकाची प्रतिभा अजमावणाऱ्याने मात्र दृश्ये कशी रचली आहेत हे पाहावे. तेथे ‘माहेरची साडी’ रूढ वाटेनेच चालते.

एकाच दिग्दर्शकाची दोन कामे शेजारी ठेवली तर हा मुद्दा अधिक स्पष्ट होतो. नागराज मंजुळे यांच्या ‘फँड्री’ला (२०१३) मान मिळाला, पण गल्ला बेताचाच. त्यांच्याच ‘सैराट’ने (२०१६) मराठी चित्रपटाने तोवर कधी न पाहिलेली कमाई केली. कमाई हे प्रतिभेचे माप असेल तर मंजुळे यांची प्रतिभा त्या अल्प काळात कित्येक पटींनी वाढली, असे म्हणावे लागेल. आम्ही दोन्ही चित्रपट पाहिले आहेत, आणि आम्हांस तसे काही दिसत नाही. ‘फँड्री’त डुकराचा पाठलाग चालू असताना शाळेतून राष्ट्रगीताचे सूर येतात, जब्याचे कुटुंब जागच्या जागी स्तब्ध उभे राहते आणि डुक्कर निसटून जाते. देशाने या कुटुंबाला काय दिले व त्याच्याकडून काय मागितले, हे त्या निश्चल उभे राहण्यात एकही शब्द न उच्चारता सांगितले आहे. ‘सैराट’च्या अखेरीस एक लहान मूल रक्तात पाऊल ठेवून बाहेर पडते व त्याचे इवले ठसे उमटत जातात. गाण्यांनी दुमदुमलेल्या त्या चित्रपटात तेथे आवाजच नाही. योग्य क्षणी बोलणे थांबवून केवळ पाहावयास लावणे, ही एकच शक्ती दोन्ही ठिकाणी आहे. एका ठिकाणी तिला अजय-अतुल यांच्या संगीताचे व तरुण प्रेमकथेचे सरपण मिळाले, दुसऱ्या ठिकाणी मिळाले नाही. अग्नी तोच आहे.

धूर नसलेल्या अग्नीचे उदाहरण द्यावयाचे तर गुरुदत्त यांच्या ‘कागज के फूल’चे (१९५९) द्यावे. चित्रपट कोसळला. त्या आघातानंतर गुरुदत्त यांनी कोणत्याही चित्रपटावर दिग्दर्शक म्हणून आपले नाव घातले नाही, आणि पुढच्याच वर्षी त्यांच्या संस्थेचा, पण एम. सादिक यांनी दिग्दर्शित केलेला ‘चौदहवी का चाँद’ उत्तम चालला. त्या दोन वर्षांचे हिशेब वाचून कोणी म्हणेल की गुरुदत्त हे चांगले निर्माते पण सामान्य दिग्दर्शक होते. आज मात्र रिकाम्या चित्रशाळेत वरून उतरणाऱ्या प्रकाशाच्या झोतासाठी ‘कागज के फूल’ चित्रपटाच्या विद्यार्थ्यांना दाखविला जातो.

४

आता पारितोषिकाकडे वळू. पारितोषिक हे अनुमान नव्हे. ते शब्दप्रमाण आहे. विश्वासू जाणता मनुष्य सांगतो म्हणून आपण मानतो. शब्दप्रमाणाला आपल्या परंपरेत मान आहे व असावा; सगळ्याच गोष्टी प्रत्येकाने नव्याने तपासावयाच्या म्हटल्या तर ज्ञानव्यवहारच थांबेल. परंतु सांगणारा आप्त आहे काय, त्याने काय काय पाहिले, आणि तो नेमके काय सांगतो आहे, हे विचारण्याचा अधिकार ऐकणाऱ्याला असतो.

परीक्षक मंडळ हा एक मनुष्य नसतो, ही येथील पहिली अडचण. आम्हांस एकदा एका नाट्यस्पर्धेच्या परीक्षक मंडळावर बसण्याचा प्रसंग आला होता. आम्ही तिघे होतो. तिघांच्या मनातील पहिल्या क्रमांकाची नाटके वेगवेगळी होती, आणि प्रत्येकाचे आवडते नाटक दुसऱ्या दोघांपैकी एकाला तरी मुळीच रुचले नव्हते. रात्री उशिरापर्यंत वाद झाला. शेवटी पहिले पारितोषिक अशा नाटकाला गेले की, जे तिघांच्याही यादीत तिसरे होते व ज्याविषयी कोणाचीच तक्रार नव्हती. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत ‘परीक्षकांचा एकमुखी निर्णय’ असे छापून आले, आणि ते खोटे नव्हते. तेव्हापासून कोणत्याही पारितोषिकाची वार्ता वाचली की, हे परीक्षकांचे प्रेम आहे की त्यांची तडजोड, असा प्रश्न आमच्या मनात आल्यावाचून राहत नाही. तीव्र प्रतिभा तीव्र विरोधही ओढवून घेते. तडजोडीत तीच प्रथम बळी पडते.

दुसरी गोष्ट, पारितोषिक हे तुलनेने ठरते. त्या वर्षी कोणते चित्रपट बनले, त्यांपैकी कोणते स्पर्धेत पाठविले गेले, यावर निर्णय अवलंबून असतो. आणि पारितोषिकाचे वजनही नावावरून कळत नाही. चेतन आनंद यांच्या ‘नीचा नगर’ला १९४६ च्या कान महोत्सवात सर्वोच्च पारितोषिक मिळाले, हे आपण अभिमानाने सांगतो, ते त्या वर्षी अकरा चित्रपटांत विभागून दिले होते, हे सांगावयाचे राहते. यात ‘नीचा नगर’चे मोल कमी होत नाही. मात्र ते मोल त्या बातमीत नसून चित्रपटात शोधावे लागते, एवढे खरे.

आता आपल्या घरातलेच उदाहरण. राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक १९५४ साली आचार्य अत्रे यांच्या ‘श्यामची आई’ला (१९५३) मिळाले. त्याच वेळी बिमल रॉय यांच्या ‘दो बिघा जमीन’ला गुणवत्तेचे प्रमाणपत्र मिळाले. म्हणजे पदक अत्र्यांना आणि प्रमाणपत्र बिमल रॉय यांना. मराठी म्हणून आम्हांस याचा आनंद आहे. परंतु दिग्दर्शक या नात्याने दोघांचे काम शेजारी ठेवून पाहावे. ‘श्यामची आई’चा प्राण साने गुरुजींच्या पुस्तकात आहे आणि ग्वाल्हेरशी निकटचे नाते असलेल्या वनमालाबाईंच्या सोज्ज्वळ मुद्रेत आहे. अत्र्यांचे मोठेपण हे की, तो प्राण त्यांनी कोठे दुखावू दिला नाही. तथापि प्रसंगाचा भार तेथे बहुधा शब्द वाहतात व कॅमेरा त्यांच्या मागून चालतो. ‘दो बिघा जमीन’मध्ये शंभू कलकत्त्याच्या रस्त्यावर हातरिक्षा ओढीत धावतो, पुढच्या रिक्षाला गाठण्यासाठी गिऱ्हाईक अधिक पैशाची लालूच दाखवीत राहते, तो अधिकाधिक धावतो, आणि शेवटी चाक निखळते. तेथे संवादाने सांगण्यासारखे फारच थोडे आहे. माणसाचे जनावर कसे होते ते त्या धावण्याच्या गतीने सांगितले आहे. चित्रपटाच्या भाषेवर कोणाची पकड अधिक होती, याचे आमचे उत्तर पदकाच्या विरुद्ध जाते. अत्र्यांविषयीचा आमचा आदर त्याने तिळमात्र कमी होत नाही. ते ज्या प्रतिभेचे धनी होते ती शब्दाची होती.

‘श्यामची आई’नंतर देशातील सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा मान मराठीला पुन्हा मिळाला तो २००४ साली, संदीप सावंत यांच्या ‘श्वास’च्या रूपाने. मध्ये पन्नास वर्षे गेली. पुढे ‘देऊळ’, ‘कोर्ट’ व ‘कासव’ यांनी काही वर्षांतच तो मान आणला. सर्वोच्च पारितोषिक हेच प्रतिभेचे प्रमाण मानले तर मराठीत अर्धशतकभर प्रतिभावान दिग्दर्शक नव्हता आणि मग एकाएकी त्यांचे पीक आले, असे म्हणावे लागेल. पण त्याच पन्नास वर्षांत राजा परांजपे यांनी ‘जगाच्या पाठीवर’ (१९६०) केला, जब्बार पटेल यांनी ‘सामना’, ‘सिंहासन’ (१९७९) व ‘उंबरठा’ (१९८२) केले. ही कामे डोळ्यांसमोर असताना त्या काळाला ओसाड म्हणण्याचे धैर्य आम्हांस होत नाही.

५

येथे कोणी म्हणेल, आणि तरुण वाचक हटकून म्हणेल, की मग लोकांनी टाकलेला व परीक्षकांनी डावललेला दिग्दर्शक हाच खरा प्रतिभावंत होय. ऋत्विक घटक यांचा ‘नागरिक’ १९५२-५३ साली तयार झाला आणि त्यांच्या मृत्यूनंतर, १९७७ साली, प्रदर्शित झाला. अशी उदाहरणे या मताला बळ देतात. परंतु हे मत पहिल्या दोन मतांचेच उलटे केलेले रूप आहे. त्यातही चित्रपट पाहण्याचे श्रम वाचविले जातात. केवळ हिशेबाची वही उलटी धरून वाचली जाते. दरवर्षी असे कितीतरी चित्रपट पडतात की, ज्यांचे पडणे सर्वथा न्याय्य असते. लोखंडाच्या तप्त गोळ्यात धूर नसतो. थंड गोळ्यातही नसतो. हात जवळ नेल्याखेरीज दोहोंतील भेद कळत नाही.

शिवाय तिन्ही गोष्टी एकत्र येतात असे प्रसंगही आहेत, आणि त्यांकडे पाठ फिरविणे हा रसिकतेचा नव्हे, अहंकाराचा भाग होईल. दामले-फत्तेलाल यांचा ‘संत तुकाराम’ (१९३६) मुंबईच्या सेंट्रल चित्रपटगृहात वर्षभराहून अधिक काळ चालला आणि १९३७ च्या व्हेनिस महोत्सवात त्याची गौरवाने नोंद झाली. गल्लाही झाला, मानही मिळाला. पण त्याची थोरवी या दोहोंपैकी कशात आहे? चमत्कार तर त्या काळच्या पुष्कळ संतपटांत होते. येथे विष्णुपंत पागनीसांच्या तुकारामासमोर गौरीबाईंची जिजाई उभी आहे. पोर तापाने फणफणले असता नवऱ्याच्या देवाला जाब विचारावयास ती पायताण हातात घेऊन देवळात जाते. हा प्रसंग भाबड्या भक्तीच्या चित्रपटात हास्यास्पद झाला असता, आणि पाखंडाच्या चित्रपटात आक्रस्ताळा. दामले-फत्तेलाल यांनी जिजाईचा संताप तुकारामाच्या शांतीइतकाच खरा धरला आहे. शेवटी तुकाराम विमानातून जातो आणि जिजाई जमिनीवर राहते. आपले डोळे वर पाहतात, पण मन खाली तिच्यापाशी रेंगाळते. एकाच चौकटीत वैकुंठ आणि संसार यांना सारखा न्याय देणारी ही दृष्टी म्हणजे प्रतिभा. सेंट्रलमध्ये तो चित्रपट चार आठवड्यांत उतरला असता व व्हेनिसला कोणी पाहिलाही नसता, तरी ती तेवढीच राहिली असती.

६

एवढ्यावर विवेचन संपवावे, तर एक गंभीर आक्षेप शिल्लक राहतो, आणि तो आम्ही टाळू इच्छीत नाही. कवीला कागद पुरतो. चित्रपटाला लाखो रुपये, शेकडो माणसे व दुसऱ्याचे भांडवल लागते. ज्याच्या चित्रपटाला प्रेक्षक नाही त्याला पुढचा चित्रपट करावयास मिळत नाही. मग गल्ला व पारितोषिक यांना क्षुल्लक कसे म्हणता येईल?

आम्ही त्यांना क्षुल्लक म्हणत नाही. आमचे म्हणणे असे की, त्यांचे खरे महत्त्व भलत्याच ठिकाणी शोधले जात आहे. मम्मटाने सांगितलेल्या कारणत्रयीतील तिसरे अंग, अभ्यास, हे चित्रपटाच्या बाबतीत पैशावाचून शक्य नाही. दहा चित्रपट केल्यावाचून दिग्दर्शकाचा हात बसत नाही, आणि पहिल्या दोहोंनी पैसा मिळविल्यावाचून तिसरा मिळत नाही. म्हणजे यश व अर्थ ही प्रतिभेची सिद्धी करीत नाहीत. परंतु प्रतिभेला पिकावयास अवधी मिळावा की नाही, हे तीच ठरवितात. न्यायाधीश म्हणून त्यांना अधिकार नाही, पण शिक्षा अंमलात आणण्याची सत्ता त्यांच्या हाती आहे. खरे दुःख हे आहे.

बाबूराव पेंटर यांचे उदाहरण घ्या. कोल्हापूरच्या या चित्रकाराने नारायण हरी आपटे यांच्या कथेवरून ‘सावकारी पाश’ (१९२५) काढला. सावकाराने जमीन लुबाडलेला शेतकरी शहरात मजूर होतो, ही कथा पडद्यावर आणणे त्या काळी केवढे धाडस होते! पौराणिक वैभवाला सरावलेल्या प्रेक्षकांनी तो उचलून धरला नाही, आणि पेंटर पुन्हा राजवाडे व भरजरी पोशाख यांच्या चित्रपटांकडे वळले. अंधारलेली एक झोपडी आणि तेथे विव्हळणारे कुत्रे, हे त्यातील दृश्य जे. बी. एच. वाडिया यांच्या स्मरणात पुढे कितीतरी वर्षे राहिले. आपल्याला मात्र ते स्मरणाने ऐकूनच समाधान मानावे लागते, कारण त्या मूकपटाची प्रत आज उपलब्ध नाही. पेंटर यांनीच १९३६ साली ती कथा बोलपट म्हणून पुन्हा काढली, यावरून ती त्यांच्या मनाला किती लागली होती हे दिसते. गल्ल्याने त्यांची प्रतिभा खोटी ठरविली नाही. मूकपटाच्या काळातच तिला जी वाट सापडली होती तीवर तिला चालू दिले नाही.

दादासाहेब फाळके यांची कथा याहून बोधप्रद आहे. आपल्या वडोदऱ्याच्या वाचकांना ठाऊकच असेल की त्र्यंबकेश्वरास जन्मलेल्या या माणसाने तेथील कलाभवनात शिक्षण घेतले होते. १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ने त्यांना नाव दिले, ‘लंका दहन’ने (१९१७) एवढा पैसा दिला की, नाण्यांच्या थैल्या बैलगाडीतून न्याव्या लागल्या असे सांगतात. पुढे बोलपट आला, काळ फिरला, आणि त्यांचा एकमेव बोलपट ‘गंगावतरण’ (१९३७) अपयशी ठरला. १९४४ साली नाशिकास ते वारले तेव्हा पूर्वीचे वैभव उरले नव्हते. १९६९ पासून देशातील चित्रपटक्षेत्रातील सर्वोच्च पुरस्कार त्यांच्या नावाने दिला जातो. पुरस्कार हेच प्रतिभेचे प्रमाण असेल, तर ज्याच्या नावाने तो दिला जातो त्याची प्रतिभा कोणत्या पुरस्काराने सिद्ध झाली होती? ‘कालिया मर्दन’च्या (१९१९) आरंभी ते आपल्या लहान मुलीच्या, मंदाकिनीच्या, चेहऱ्यावरील भाव एकामागून एक दाखवितात आणि मग तिलाच कृष्ण करून समोर आणतात. आधी मूल दाखवावयाचे, मग देव. पाहणाऱ्याला युक्ती उघड करून सांगावयाची आणि तरीही भुलवावयाचे. हा आत्मविश्वास थैल्यांतून आलेला नाही व पदकातूनही नाही.

७

तेव्हा आमचा निष्कर्ष असा. पारितोषिक ही साक्ष आहे. साक्ष ऐकावी, पण साक्षीदाराची उलटतपासणी करावी. गल्ला ही खूण आहे. खूण पाहावी, पण सरपण कोणाचे हे विचारावे. प्रतिभेचे प्रमाण प्रत्यक्षच. ते चित्रपटात, दृश्यागणिक, एका कामापेक्षा अनेक कामांतून, आणि शक्य तर एकदा सोडून दोनदा पाहिल्यानेच मिळते. त्याला वेळ लागतो, आणि त्यात चुकण्याचा धोका असतो. तो ज्याला नको असेल त्याने मत देण्याचा मोहही आवरावा.

याचे व्यवहारात काय करावयाचे, हे शिक्षकांना व मंडळांच्या सभासदांना सांगावयास आम्ही धजतो, कारण ‘सावकारी पाश’सारखी हानी भूतकाळातच घडली असे नाही. ज्याला मान मिळाला व ज्याने पैसा मिळविला त्याच्या प्रती जपल्या जातात, त्याचा उल्लेख होतो, तो पुन्हा दाखविला जातो. उरलेल्यांचे काय होते? राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय पुण्यात १९६४ साली स्थापन झाले. तोवर आपल्या मूकपटांपैकी बहुतेक नष्ट झाले होते. संग्रहालय प्रत सांभाळील, पण ती पाहावयाची मागणी रसिकांनीच करावयाची असते. आपल्या मंडळांच्या वार्षिक कार्यक्रमांत पारितोषिकप्राप्त चित्रपट दाखविण्याची प्रथा आहे, ती चांगली आहे. त्याच्या जोडीला दरवर्षी एक असा चित्रपट निवडावा की, ज्याला मान मिळाला नाही, ज्याचा गल्ला झाला नाही, पण आपल्यापैकी कोणाला तरी तो मनापासून आवडला आहे. ज्याला आवडला त्यानेच उठून का आवडला ते सांगावे, व इतरांनी त्याला खुशाल विरोध करावा.

गोव्यात पणजीस २००४ पासून भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव भरत आला आहे, आणि आपले अनेक सभासद तेथे जातात. परतल्यावर सुवर्णमयूर कोणाला मिळाला हे सारे सांगतात. पुढच्या खेपेस ‘तुम्ही काय पाहिले?’ असे आम्ही त्यांना विचारणार आहोत. मयूर कोणाला मिळाला ते आम्ही वर्तमानपत्रात वाचलेले असेलच.